ओझरचा आज्जा

ओझर,
२८ सप्टेंबर २०२५

ती. दाजी यांस,
जय जिनेंद्र.

परवा मिग-२१ निवृत्त झालं. तुम्ही टीव्हीवर बघितलंच असेल. सगळी विमानं रांगेत आली, त्यांच्यावर पाणी उडवलं, आणि मी इथं खुर्चीत बसून लहान मुलासारखा रडलो. अक्काला सांगा, तुझ्या धाकट्या भावाचं अजून तसंच आहे म्हणावं. कान गेल्यापासून फोनवर मला नुसती खरखर ऐकू येते, म्हणून हे पत्र.

आमच्या निवृत्त कामगार मंडळानं माझ्यावर एक काम टाकलंय. कारखान्याचा इतिहास लिहायचा, स्मरणिकेसाठी. मी म्हटलं, मी रिवेट मारणारा माणूस, मला कसलं लिहायला लावता? पण बसलो की सुचत जातं. चौसष्ट साली इथं कारखाना उभा राहायला लागला तेव्हा भोवती नुसती शेतं होती. रशियातून मोठमोठ्या लाकडी पेट्या यायच्या, त्यांच्यावरची अक्षरं कुणाला वाचता यायची नाहीत. आधी त्यांच्याकडचे भाग जोडून विमान उभं करायचं, मग हळूहळू एकेक भाग इथंच करायचा. अंग आमचं ओझरचं, इंजिन ओरिसातल्या कोरापुटचं, आतली यंत्रं हैदराबादची. तीन गावांनी मिळून एक विमान उडवायचं. आपण दोघं सत्त्याहत्तर साली भरतीला आलो तेव्हा हे सगळं चालू झालं होतं. तुम्हाला ते मोठं दार आठवतं का? तुम्ही म्हणाला होतात, "जिनू, ह्या दारातनं आपलं बस्तीचं देऊळ कळसासकट आत जाईल."

तुमची नात आदिती मजेत आहे. जुलैपासून ती राहायला आली आणि घराला आवाज आला. शालू गेल्यावर पाच वर्षं मी एकटाच भिंतींशी बोलत होतो. आम्हाला मूलबाळ नाही, त्यामुळं घरात तरुण माणूस असणं म्हणजे काय हे मला आत्ता कळतंय. संध्याकाळी कारखान्यातनं आली की माझ्यासमोर बसून मी लिहिलेलं वाचते आणि चुका काढते.

एक आनंदाची गोष्ट. ऑक्टोबरात इथं तयार झालेलं पहिलं तेजस उडणार आहे. मंडळाला जुन्या माणसांसाठी मोजके पास मिळालेत, त्यात माझं नाव आहे. दहा वर्षांनी आत पाऊल टाकणार.

इतिहासाची पहिली पानं सोबत जोडली आहेत. तुमचं मराठी माझ्यापेक्षा चांगलं, जरा नजर टाका.

तुमचा,
जिनेंद्र


मंगळवार पेठ, कोल्हापूर,
३ ऑक्टोबर २०२५

जिनेंद्रास,
जय जिनेंद्र. नमस्कार घालायचा म्हटलं तरी तुझंच नाव घ्यायला लागतंय, बघ. आपल्या लोकांनी दुसरं कायतरी ठरवायला पायजे हुतं.

पानं मिळाली. वाचली. त्यात "मी" हा शब्द लई वेळा आलाय. कारखान्याचा इतिहास हाय का तुझा?

आणि दाराचं म्हणशील तर मला चांगलं आठवतंय. दार पण आठवतंय आणि त्या दारातनं मी परत आलेला पण आठवतंय. फायल मारायच्या, म्हंजे कानस चालवायच्या परीक्षेत तुझ्यापुढं मी हुतो. आयटीआयचे सर म्हणालते, जयपालचा हात म्हंजे हात. मग डोळ्यांच्या डॉक्टरनं ते रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं आणि विचारलं, आकडा कुठला दिसतोय? मला ठिपकेच दिसले. तांबडं-हिरवं मला सारखंच दिसतंय हे बावीस वर्सं मला म्हाईत न्हवतं, तुमच्या ओझरनं सांगितलं. तू आत गेलास, मी गाडी धरून कोल्हापूरला आलो. तीन वर्सांनी तुझ्या भणीशी लगीन झालं आणि तेव्हापासनं ह्या घरात रोज सकाळी तुझं विमान उडतंय. "आमचा जिनू विमानं बनवतोय." भाजीवालीला सांगतीया, दूधवाल्याला सांगतीया. मी उद्यमनगरात पंचेचाळीस वर्सं पंपाचे शाफ्ट काढले, पण "आमचे हे शाफ्ट काढतात" असं तुझ्या भणीच्या तोंडनं कुणी ऐकलेलं न्हाय. ह्या जिल्ह्यात किती उसाला माझ्या शाफ्टनं पाणी पाजलंय. उद्यमनगराचा इतिहास लिहायला हाय का कुठलं मंडळ?

आदिती तिथं शिकायला गेलीया. एक वर्साचं ट्रेनिंग हाय. मग तिनं परत येऊन वर्कशॉप बघायचं, हे ती इंजिनिअरिंगला गेली तेव्हाच ठरलंय. अनेकांतला, माझ्या पोराला, त्याच्या बँकेपुढं कायबी दिसत न्हाय. म्हणून नातीवर माझी भिस्त. नवीन मशीन घ्यायचं पण तिला विचारून घेणार हाय. तिला जास्त विमानात गुंतवू नको.

अक्का बरी हाय. दिवाळीचं काढलंय तिनं.

जयपाल


ओझर,
८ ऑक्टोबर २०२५

ती. दाजी यांस,
जय जिनेंद्र.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मनापासून हसलो. तुमची थट्टा अजून तशीच आहे. आदितीला वाचून दाखवलं, पण ती हसली नाही, म्हणाली, "हे थट्टा करत नाहीत." मी म्हटलं, तुला काय माहीत, आम्ही एका बाकावरचे.

"मी" कमी केलाय. आता पुढच्या पानांत मिग-२७ आणि सुखोई घेतलंय. आणि मधली ती वर्षंही, जेव्हा हातातलं काम संपत आलं होतं आणि पुढचं कधी येणार हे कुणी सांगत नव्हतं. जुनी माणसं गेटाबाहेर चहा पिताना एकमेकांना विचारायची, आता काय होणार? म्हणून ह्या तेजसचं एवढं अप्रूप.

तुम्ही आदितीची काळजी करू नका. तिच्या हाताला तुमचा गुण आहे. गेल्या आठवड्यात तिच्या साहेबांनी तिला बोलावून कायम होण्याबद्दल विचारलं. दोन दिवस तिनं माझ्या पानांत एकही चूक काढली नाही. मग मला म्हणाली, "आज्जा, मी हो म्हणू?" मी म्हटलं, बाळा, अशी संधी दारात येऊन उभी राहिली तर तिला पाणी विचारावं, परत पाठवू नये. तिनं काल होकार कळवला. तुम्हाला ती दिवाळीच्या फोनवर स्वतः सांगणार होती, मी आधीच बोलून बसलो. तुम्हाला आनंद होईल म्हणून राहवलं नाही. तिला कळू देऊ नका.

सतरा तारखेला उड्डाण आहे. निवृत्तीच्या वेळी मिळालेला कोट धुऊन इस्त्री करून आणलाय. सैल झालाय. आदिती म्हणते, आज्जा, तुम्ही कोटासकट उडून जाल.

तुमचा,
जिनेंद्र


मंगळवार पेठ,
१२ ऑक्टोबर २०२५

जिनेंद्रास,

वाईट बातमी हाय. अक्काची तब्येत बरी न्हाय. छातीत दुखतंय म्हणतीया. डॉक्टर म्हणाले, जवळच्या माणसांना बोलवून घ्या.

आदितीला ताबडतोब लावून दे. सोळाच्या आत ती इथं पायजे. तिला फोनवर कोण काय सांगायला नको, पोरगी घाबरंल. तू समोर बसवून सांग आणि गाडीत बसव. आज्जीनं तिचं नाव घेतलंय म्हणून सांग.

अक्काला कळू देऊ नको मी कळवलंय ते.

जयपाल


मंगळवार पेठ,
२५ ऑक्टोबर २०२५

चि. आदितीस अनेक आशीर्वाद.

तू माझा फोन उचलत न्हाईस. आज्जीनं तुला भाऊबीजेदिवशी फोनवर सगळं सांगितलंय, मला म्हाईत हाय. पण तिनं तिच्या बाजूनं सांगितलं असणार. म्हणून मी लिहितोय. पत्र फाडायचं असलं तर वाचून फाड.

आज्जी आजारी न्हवती. मीच लिहिलं हुतं तसं. तुला उड्डाणाच्या आधी तिथनं काढायची हुती. एकदा तू ते विमान वर गेलेलं बघितलंस की परत माझ्या वर्कशॉपात येणार न्हाईस, असं मला वाटलं. आणि तू त्याला आज्जा म्हणतीस. तो तुझ्या बापाचा मामा, तुझा मामाआजोबा. आज्जा मी हाय.

सोळा तारखेला संध्याकाळी मी दारात तुझी वाट बघत उभा हुतो. रिक्षा थांबली आणि आतनं जिनेंद्र उतरला. अंगावर तो कोट. हातात एकच पिशवी. मला ओलांडून तो सरळ आत गेला. आज्जी चकलीचा घाणा काढत बसलेली. ती झारा हातात घेऊनच उठली, "जिन्या? तू कसा रं आलास? उद्या तुझं विमान न्हवं व्हय?"

तो तिच्याकडं बघत राहिला. मग पाठीमागं वळून माझ्याकडं बघितलं. पोरी, मी आयुष्यात लई मार खाल्लाय, पण तसलं बघणं कुणाचं सोसलं न्हाय. आता हा बोलणार, आता बोलणार, म्हणून मी भिंतीला टेकलो.

तो म्हणाला, "दाजींची लई आठवण आली गं. तिथं गर्दीत कुणाला ऐकू येतंय? म्हटलं, दिवाळी अक्काकडं करावी."

आज्जी एवढी खूश झाली की तिनं पहिली चकली त्याच्या हातावर ठेवली. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, आदिती का न्हाय आली? त्याला ऐकायला यावं म्हणून कानाशी ओरडायला लागलं. तो म्हणाला, "तिला सांगितलंच न्हाय. तिचा उद्याचा दिवस मोडला असता. अक्का माझी बहीण आहे, मी येणं बरोबर होतं." एवढंच.

दुसऱ्या दिवशी टीव्हीवर उड्डाण लागलं. आज्जी शेजारणीला बोलवून आलती. विमान धावायला लागलं तसा जिनेंद्र खुर्चीतनं पुढं सरकला. टीव्हीचा आवाज पार वर केला, शेजारीण कानावर हात ठेवून बसली, तरी त्याला कायबी ऐकू येईना. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाला, "दाजी, आवाज कसा येतोय?"

मी म्हटलं, टीव्हीत काय कळतंय. त्यानं कान माझ्याकडं केला. मग मी सांगितलं, नवं मांजरपाट कुणीतरी टराटरा फाडत चाललंय असा येतोय. त्यानं मान हलवली. "मिगचा येगळा होता," म्हणाला आणि चष्मा पुसायला लागला. पासाची खुर्ची सोडून तो माझ्या सोफ्यावर बसला हुता आणि विमानाचा आवाज मला विचारत हुता.

तेव्हाच मी बोलायला पायजे हुतं. न्हाय बोललो. आठ दिवस तो इथं राहिला. दिवाळीला पहाटे बस्तीत निर्वाणलाडू चढवायला माझ्याबरोबर आला, वर्कशॉपात येऊन लेथजवळ उभा राहिला, मिस्त्री अमरसिंहला म्हणाला, "तुमच्या मालकांचा हात ओझरला मिळाला असता तर आमचं विमान वर्षभर आधी उडालं असतं." मला त्याचा राग आला. खोटं बोलणारा मी, आणि मोठा होत चाललेला तो.

भाऊबीजेला आज्जीनं त्याला ओवाळलं आणि मला म्हणाली, "बघा, एवढा सोहळा टाकून तुमच्या आठवणीनं आलाय. तुम्ही कधी गेलाय का त्याच्याकडं असं? भाऊ असावा तर असा." त्याच वेळी माझ्या तोंडनं निघून गेलं. म्हटलं, आठवणीनं न्हाय, मी खोटं लिहून बोलावलंय त्याला. तू मरायला टेकलीस म्हणून लिहिलंय.

तुला वाटंल, मला पश्चात्ताप झाला. पोरी, खरं सांगतो, पश्चात्तापानं न्हाय बोललो. त्याच्या चांगुलपणाचं कौतुक मला ऐकवेना, म्हणून बोललो.

आज्जीनं ताट खाली ठेवलं. म्हणाली, "मेल्याचंच लिहायचं व्हतं की. लवकर आला असता." दुसऱ्या दिवशी पिशवी भरून ती भावाबरोबर ओझरला गेली. म्हंजे आता तिकडं तू, तिकडं ती, आणि तिकडं तो. मी डब्यातली चकली खातोय. मऊ पडलीया.

कसं हाय सगळं तिथं? आज्जी गोळ्या घेती का बघ.

तुझा आज्जा,
जयपाल


ओझर,
२ नोव्हेंबर २०२५

आज्जा,

पत्र फाडलं नाही. तीनदा वाचलं, तरी राग गेला नाही, हे आधीच सांगते.

सतरा तारखेला आम्हा ट्रेनी लोकांना हँगरच्या कडेला उभं केलं होतं. समोर जुन्या माणसांच्या खुर्च्या होत्या. मी सारखी त्या खुर्च्यांकडे बघत होते, कारण मामाआजोबांनी सांगितलं होतं की मी तुला हात करीन. आदल्या दिवशी त्यांनी फक्त चिठ्ठी ठेवली होती, "मंडळाच्या कामासाठी पुण्याला जातोय, उड्डाणापर्यंत परत येतो." विमान वर गेलं, सगळे टाळ्या वाजवत होते आणि मी ती एक रिकामी खुर्ची बघत होते. मला वाटलं, यांना वाटेत काहीतरी झालं; रात्री आज्जीनं फोनवर "जिनू इथं दिवाळीला आलाय" म्हटलं तेव्हा कुठं कळलं. पहिल्या उड्डाणाचा माझा दिवस असा गेला, आज्जा. तुम्ही मला तिथून काढू शकला नाहीत, पण तो दिवसही माझा राहिला नाही.

आता वर्कशॉपचं. मी येणार नाही. हे मामाआजोबांनी शिकवलेलं नाही. उलट त्यांनी मला आधी विचारलं होतं, "दाजींचं काय?" मी म्हटलं, मी सांगेन त्यांना. सांगायची हिंमत मला होत नव्हती, तो माझा दोष. पण हे काम मला आवडतं. सकाळी उठून जावंसं वाटतं. वर्कशॉपात सुट्टीत यायचे तेव्हा तुमच्या शेजारी उभं राहायला आवडायचं, तुमचा हात बघायला आवडायचा. ते वेगळं.

आणि आज्जा म्हणण्याचं. कोल्हापूरची सवय आहे, म्हाताऱ्या माणसाला तोंडातून आज्जाच निघतं. पण तुम्ही विषय काढलाच आहे तर खरं सांगते. मी इथं आल्यापासून तुम्ही मला दर रविवारी फोन केलात. जेवलीस का, पगार किती मिळतो, कधी येणार. चार महिन्यांत एकदाही विचारलं नाहीत, की आदिती, तू तिथं काय करतेस? ते रोज विचारतात. त्यांना ऐकू येत नाही, म्हणून मी वहीवर चित्र काढून दाखवते. एवढाच फरक आहे तुमच्यात आणि त्यांच्यात.

आज्जी गोळ्या घेते. तुमचा विषय निघाला की उठून स्वयंपाकघरात जाते.

आदिती


ओझर,
६ नोव्हेंबर २०२५

ती. दाजी यांस,
जय जिनेंद्र.

तुम्ही मला पत्र लिहिलं नाहीत, म्हणून मीच लिहितो.

पास गेला त्याचं मला वाईट वाटतं, पण ते मी सोसलं. गाडीत नाशिक ते कोल्हापूर जो प्रवास केला, तो सोसवत नाही. पुणं गेलं, सातारा गेलं, कऱ्हाड गेलं, आणि दर स्टँडला मी अक्काला मनातल्या मनात स्मशानात पोचवून येत होतो. लहानपणी हात धरून मला कळंब्याच्या तळ्याला नेलेली माझी बहीण. तुमच्या दारात उतरलो तेव्हा घरातनं तळणाचा वास आला आणि मला वाटलं, लोक जमलेत, त्यांच्यासाठी काही करताहेत.

तुम्ही मला एवढं पाण्यात बघत होतात, हे मला सत्तराव्या वर्षी कळलं. मी तुमच्या प्रत्येक पत्राला हसत होतो. माफ केलं असं लिहायला घेतलं होतं, पण ते खरं नव्हतं, म्हणून खोडलं. वेळ लागेल.

अक्का परत कधी येणार ते मी विचारलं नाही आणि विचारणार नाही. तिचं तिला ठरवू दे. मात्र काल तिनं आदितीच्या डब्याला भाकरी करताना एक जादा केली आणि बराच वेळ त्या भाकरीकडं बघत बसली.

इतिहासाची पुढची पानं पाठवत नाही.

जिनेंद्र


मंगळवार पेठ,
१४ नोव्हेंबर २०२५

चि. आदितीस आशीर्वाद.

तुझं पत्र आलं, तुझ्या मामाआजोबाचं पण आलं. त्याला मी निराळं लिहीन. काय लिहायचं ते अजून सुचत न्हाय. माफी माग म्हणून अमरसिंह सांगतोय. मागायची हाय. पण त्या एका शब्दात गाडीतला तेवढा प्रवास बसत न्हाय.

अमरसिंहचं पोरगं डिप्लोमा झालंय, त्याला सोमवारपासनं वर्कशॉपात ये म्हटलंय. तुझ्या जागेवर न्हाय. त्याच्या जागेवर. नवीन मशीन कुठलं घ्यायचं ते त्यालाच ठरवू दे.

आता तुझ्याकडचं. तू लिहिलंस ते मी चार दिवस डोक्यात घेऊन फिरलो. न्हाय विचारलं मी, खरं हाय. विचारलं की तू सांगणार, सांगताना तुझं तोंड फुलणार आणि ते मला फोनवर पण कळणार, म्हणून न्हाय विचारलं.

आज विचारतो. सकाळी गेटातनं आत गेल्यावर तू पहिल्यांदा काय करतीस? उभ्यानं काम हाय का बसून? पत्रा किती जाड असतोय आणि तो हाताला गार लागतोय का? भोक पाडताना एका केसाएवढं चुकलं तर काय करतात, टाकून देतात का सावरता येतंय? तुला पहिल्यांदा कुणी शाबास म्हटलं, आणि कशाबद्दल? भीती वाटते का, की आपण लावलेल्या तुकड्यावर एक माणूस आभाळात जाणार? मला तर शाफ्ट मोडला तर ऊस वाळंल एवढीच भीती असायची, तरी झोप लागायची न्हाय.

सांगण्यासारखं नसंल ते सांगू नको. सरकारी कारखाना हाय, मला कळतंय. पण सांगण्यासारखं हाय ते सगळं लिही, चित्र काढून लिही, पानं भरून लिही.

वाचताना मला हेवा वाटणार. तो काय जाणार न्हाय आता, सत्तर वर्सांचा झालाय माझ्याबरोबर. वाटू दे. तू लिही.

तुझा आज्जा,
जयपाल